बारा वाजून दहा मिनिटांनी फोन एंगेज होता

साहेब, तुम्ही एकदाच फोन लावला.

चोवीस जुलै २००३, दुपारचे बारा वाजून दहा मिनिटं. तुमच्या रजिस्टरात ही वेळ लिहिलेली आहे. तिच्यासमोर तुमच्या बाबूच्या हातचा ‘एंगेज’ असा शेरा आहे आणि खाली तुमची सही आहे. सही करायला तुम्हाला वेळ मिळाला. तोच नंबर दुसऱ्यांदा फिरवायला मिळाला नाही. एका मुलीची जागा तुम्ही त्या एका शब्दावर खोडली आणि यादीतल्या पुढच्या नावाकडे गेलात. हे मी ऐकीव सांगत नाही. त्या दुपारी तो फोन अडवून बसलेला मीच होतो.

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. तुमच्या निबंधांत जुनी छत्री बोलते, फुटकी पाटी बोलते आणि शेवटी ‘मला जपा’ म्हणून गप्प बसते. मला जपायची वेळ निघून गेली आहे. मला फक्त जे झालं ते सांगायचं आहे, आणि एका माणसाकडून उत्तर पाहिजे आहे.

माझे भाग कुठल्या देशात बनले ते मला ठाऊक नाही. मला पहिली आठवण आहे ती नागपूरच्या एका ऑफिसची. तिथे मी सात वर्षं पत्रं टाईप केली. मग १९९९ साल आलं आणि सगळीकडे एकच भीती पसरली, की दोन हजार साल लागलं की जुने संगणक तारीख चुकणार आणि बंद पडणार. माझी तारीख चुकते की नाही हे कोणी तपासून पाहिलं नाही. एका बाबूने रजिस्टर उघडलं, माझ्या नंबरापुढे ‘निकामी’ लिहिलं आणि मला जिन्याखाली ढकललं. एका शब्दात माणसाचा किंवा यंत्राचा निकाल लावायची ही रीत मी तेव्हाच पाहून घेतली होती.

त्या ऑफिसच्या लिलावात मला चैतराम मेश्राम यांनी घेतलं. ते बालाघाटजवळ भरवेलीच्या मॅंगनीज खाणीत इलेक्ट्रिशियन होते. नागपूरहून बालाघाटपर्यंत बसमध्ये त्यांनी मला मांडीवर घेतलं होतं. कंडक्टरने विचारलं, “काय बाबाजी, टीव्ही घेऊन चालले काय?”

“हौ,” चैतराम म्हणाले, “पोरीसाठी नेऊन राह्यलो. अभ्यासाचा टीव्ही आहे.”

ती पोरगी म्हणजे संघमित्रा. बालाघाटच्या कॉलेजात बी.एस्सी. करत होती. घरी तिला मित्रा म्हणायचे. बापाने मला खाली ठेवलं तेव्हा तिने माझं झाकण काढलं, नाकातोंडावर ओढणी बांधली आणि सायकलच्या पंपाने माझ्या आतली सात वर्षांची धूळ उडवली. तेवढ्या काळजीने मला त्याआधी कोणी हात लावला नव्हता.

आता घराची गोष्ट सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. चैतरामचं घर बालाघाटच्या एका टोकाच्या वॉर्डात होतं. त्या अख्ख्या गल्लीत फोन एकच, चैतरामच्या घरी. बाकीच्यांनी अर्ज केले होते, पण फोनवाले म्हणायचे, ‘केबलमध्ये तारांची जोडी शिल्लक नाही.’ दोन-दोन, तीन-तीन वर्षं हेच उत्तर. त्यामुळे हा एक नंबर साऱ्या गल्लीचा झाला. लग्नाच्या पत्रिकेवर, नोकरीच्या अर्जावर लोक हाच नंबर लिहायचे आणि पुढे कंसात ‘पी.पी.’ लिहायचे. म्हणजे फोन शेजाऱ्याचा, निरोप आमचा. नागपूरहून महागूच्या मुलाचा फोन आला की मित्राची आई जिजाबाई हातातलं पीठ तसंच ठेवून धावायची आणि गल्लीच्या तोंडाशी उभी राहून ओरडायची, “महागू भाऊ, तुमच्या पोराचा फोन! लवकर या, त्याचा मीटर पळून राह्यला!”

त्याच फोनवर इंटरनेट यायला लागलं. संगणकाच्या एका मासिकासोबत आलेली सीडी मित्राने मिळवली. त्या सीडीवर संगणक चालवणारी युनिक्स जातीची प्रणाली होती. शिकवायला कोणी नव्हतं. सारं इंग्रजीत. ती डिक्शनरी मांडीवर घेऊन बसायची, एक शब्द पाहायची, एक ओळ टाईप करायची. अकरा दिवस लागले. दहा दिवस मी फक्त चुका दाखवल्या, आणि दहाही दिवस तिने मला शिव्या घातल्या नाहीत. अकराव्या दिवशी मी उभा राहिलो.

माझं काम सांगायला सोपं होतं. मागच्या बाजूच्या नव्या घरात अलकनंदा काकू राहायच्या. शाळेतून रिटायर झालेल्या. त्यांचा मुलगा चिन्मय पुण्याला होता आणि त्याचं पत्र यायचं ते ई-मेलने. गल्लीच्या तोंडाशी प्रेमलालचं टायपिंगचं दुकान होतं. दोघांकडे संगणक होते, फोन नव्हता. मित्राने पेरूच्या झाडावरून आणि दुकानाच्या पत्र्यावरून निळी वायर नेली, ऊन लागू नये म्हणून ती पाण्याच्या जुन्या नळीत घातली आणि दोन्ही घरं मला जोडली. तिसरा संगणक तिचा स्वतःचा, माझ्यानंतर घरात आलेला. तिघांपैकी कोणीही काही मागितलं की मी फोन लावायचो, बाहेरून आणायचो, ज्याचं त्याला द्यायचो. पाच मिनिटं कोणी काही मागितलं नाही की फोन सोडून द्यायचो. बाहेरच्या कोणाला मात्र आत येऊ द्यायचो नाही.

“बाबा, याले नाव ठेवा लागते,” मित्रा म्हणाली.

चैतरामने विचारलं, “करते काय हे?”

तिने सांगितलं. ते हसले. “मंग हा कोटवार आहे. माझा आजा रामपायलीकडं कोटवार होता. गावचा निरोप बाहेर न्या, बाहेरचा गावात आना, वेशीवर पहारा द्या. अन् काही बिघडलं त शिव्या कोनाले? कोटवाराले.”

मित्राने माझं नाव ‘कोटवार’ टाईप केलं. मित्रांनो, शिव्यांचं ते बोलणं तेव्हा गंमत होती.

दोन वर्षं मी चांगली नोकरी केली. दारावर एक पाटी टांगली होती. मी फोनवर असलो की जिजाबाई खडूने ‘चालू’ लिहायची, नसलो की ‘मोकळा’. संध्याकाळी सहा ते आठ मी फोनला हात लावायचा नाही, ती वेळ पी.पी.वाल्यांची. प्रेमलाल येता-जाता खिडकीतून बोलायचा, “काय काका, तुमचा कोटवार आज झोपला काय? एक पान उघडायला बिडी संपून राह्यली माझी!” चैतराम म्हणायचे, “सरकारी कोटवार नाही तो. काम करते म्हनून टाईम लागते त्याले.” माझी एवढी स्तुती पुन्हा कोणी केली नाही.

युनिक्सची एक सवय आहे. कोणी काय केलं ते लिहून ठेवायचं. नाव, दिवस, वेळ, काम. मित्राने बापालाही माझ्यात नाव दिलं होतं, ‘बाबा’. ती नसताना गरज पडली तर, म्हणून तिने एक चिठ्ठी लिहून माझ्या कपाळावर चिकटवली. तीन ओळी. एक, फोन लावणे. दोन, फोन सोडणे. तीन, कोणी कधी लावला ते पाहणे. प्रत्येकीपुढे कुठली अक्षरं दाबायची ती मोठी-मोठी काढलेली. चैतराम एका बोटाने टाईप करायचे आणि झालं की माझ्या डोक्यावर थाप मारायचे.

आता मुद्द्यावर येतो, साहेब. मित्राला एम.सी.ए. करायचं होतं. दोनदा तिने प्रवेशपरीक्षा दिली, दोनदा राहिलं. तिसऱ्यांदा प्रतीक्षा यादीत सातवी आली. चैतराम डिसेंबरात रिटायर होणार होते, घरात ठरलं होतं की हे शेवटचं. तिच्या हातात किरनापुरच्या पलीकडच्या एका गावातली संविदा, म्हणजे कंत्राटी, शिक्षिकेची ऑर्डर होती. चोवीस जुलैपर्यंत किरनापुरला जाऊन हजर झाली नाही तर तीही जाणार. तुमच्याकडून जागा मिळाली असती तर ती नोकरी सोडून देणार होती. आणि तुमच्या ऑफिसचं पत्र आलं. त्यात दोन सूचना होत्या. पहिली, बावीस ते पंचवीस जुलैला जागा रिकामी झाल्यास उमेदवाराला ऑफिसच्या वेळेत फोनवर कळवलं जाईल. दुसरी, उमेदवाराने आमची वेबसाइट पाहत राहावी.

साहेब, आमच्या गल्लीत फोन आणि वेबसाइट एकाच तारेवरून येतात. वेबसाइट पाहत राहिलं की फोन लागत नाही. फोनची वाट पाहिली की वेबसाइट दिसत नाही. ही सूचना लिहिणाऱ्याच्या टेबलावर किती फोन होते?

मित्राला हे लगेच कळलं. तिने मला बजावलं, की बावीस ते पंचवीस जुलै, अकरा ते पाच, कोणीही मागितलं तरी मी आपणहून फोन लावायचा नाही. मी ऐकलं. बावीसला ऐकलं, तेवीसला ऐकलं. अलकनंदा काकूंनी मागितलं, दिलं नाही. प्रेमलालने मागितलं, दिलं नाही.

चोवीसला सकाळी ती किरनापुरला निघाली. चैतरामने सुट्टी काढली होती. फोनपाशी स्टूल टाकून, धुतलेला शर्ट घालून बसले होते, जसं काही फोनवर त्यांना कोणी पाहणार होतं.

“बाबा, हलू नका इथून,” ती म्हणाली.

“जेवन बी इथंच करतो,” ते म्हणाले. “तू जा. आला त मी म्हनतो, हौ, मंजूर आहे, पोरगी येऊन राह्यली.”

“एवढंच म्हणा. जास्ती बोलू नका.”

“मी काय भाषन देनार आहो काय?”

साडेअकराच्या सुमारास प्रेमलाल घाम पुसत आला. “काका, बसस्टॅण्डवर ऐकून आलो. यादी लागली म्हणतात, त्यांच्या साइटवर. कोणाकोणाचा नंबर लागला सगळं आहे. पण तुमचा कोटवार काही लावून देऊन नाही राह्यला.”

तेवढ्यात भिंतीपलीकडून अलकनंदा काकूंचा आवाज आला. “मेश्रामजी, यादी आली म्हणतात, खरं का? माझ्या इथे काही उघडतच नाही. पाच मिनिटं लावता येईल का? मी मित्राचं नाव शोधते.”

चैतराम म्हणाले, “मित्रानं नाही म्हटलं आहे. फोन मोकळा ठेवाचा आहे.”

“अहो, पाच मिनिटांत काय होतंय?” काकू म्हणाल्या. “नाव आलं असेल तर फोनची वाट तरी कशाला पाहायची?”

प्रेमलाल म्हणाला, “काका, नाव असलं तर तुम्हीच त्यांना फोन लावा ना! उलटे!”

चैतराम उठले. बसले. पुन्हा उठले. फोनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. खाणीत बत्तीस वर्षं विजेचं काम केलेला माणूस. एका तारेवर एकच काम होतं हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. पण मुलीचं नाव यादीत असेल, आणि आपण ते पाहत नाही, हे त्यांच्याने सोसवेना. ते माझ्यासमोर बसले. चिठ्ठीतली पहिली ओळ वाचली आणि एका बोटाने अक्षरं दाबली.

मला हुकूम आपणहून न लावण्याचा होता. घरच्या माणसाने सांगितलं तर लावू नको, असा नव्हता. मी लिहिलं, ‘२४ जुलै, ११.३८, बाबा, फोन लावला.’ आणि शेपटीवर पाय पडलेल्या कुत्र्यासारखा ओरडत मी लाईन धरली.

साहेब, तिन्ही घरांनी एकदमच तुमच्या साइटचं पान मागितलं. चैतराम मित्राच्या संगणकावर, काकू त्यांच्या, प्रेमलाल दुकानात. तिघेही स्वतःसाठी काही पाहत नव्हते. तिघेही तिचंच नाव शोधत होते. माझी तार ती केवढी, तिच्यातून एकच पान तीनदा आणायचं. वर तुमच्या साइटवर त्या दिवशी साऱ्या राज्याची गर्दी. अर्धं पान यायचं आणि अडकायचं. एक थकला की दुसरा मागायचा. पाच मिनिटं कोणी मागितलं नाही तर मी फोन सोडून दिला असता. पण पाच मिनिटं कोणी थांबलंच नाही. भिंतीवरून विचारणं चाललं होतं, “आलं काय?” “अर्धं आलं!” “सातवा नंबर दिसून राह्यला काय?” “खालचं नाही उघडलं!”

बारा दहा झाले. गेले. माझ्यापर्यंत काही आलं नाही. एंगेज लागलेला फोन ज्याच्या घरी लागतो, त्याला काहीच ऐकू येत नाही. वाजत नाही, चमकत नाही. मला कळलंसुद्धा नाही.

एक वाजून वीस मिनिटांनी पान पूर्ण उघडलं. यादी जुनीच होती. वर तारीख होती अठरा जुलै. तुम्ही ती बदललीच नव्हती.

“अरे, पुरानीच आहे ही,” प्रेमलाल म्हणाला. काकू म्हणाल्या, “चला, म्हणजे अजून आशा आहे.” चैतरामने दुसरी ओळ दाबली, फोन सोडला, आणि पाच वाजेपर्यंत स्टुलावरून उठले नाहीत. जेवण तिथेच केलं. संध्याकाळी मित्रा आली, तिने विचारलं, “आला होता?” ते म्हणाले, “नाही, बाई.” ते खोटं बोलले नाहीत.

सव्वीसला मित्राने स्वतः तुमच्या ऑफिसला फोन लावला. चैतराम बाजूलाच उभे होते. पलीकडून बाबू काय बोलला ते तिने एकटीने ऐकलं. रिसीव्हर ठेवला आणि म्हणाली, “आपल्यापर्यंत नंबर आलाच नाही, बाबा. सहाव्यावर थांबला.”

चैतराम म्हणाले, “जाऊ दे. मंग आपलं नशीबच...” आणि वाक्य सोडून दिलं.

दुपारी घरात कोणी नसताना ती माझ्यासमोर बसली. चोवीस तारीख उघडली. अकरा अडतीस, बाबा. ती ओळ तिने किती वेळ पाहिली ते मी लिहून ठेवलं नाही, कोण किती वेळ बघत बसलं ते मी लिहीत नाही. मग तिने ती ओळ पुसली. बाकीच्या ओळी, तुमचं पान किती वाजता किती वेळा मागितलं त्या, तशाच ठेवल्या आणि प्रेमलालच्या दुकानातून छापून आणल्या. तो कागद घेऊन ती राजधानीला तुमच्याकडे आली. एकच ओळ का पुसली, ते मला समजलं. कागद फाइलीत जाणार. फाइलीतून कधी तरी उत्तर येणार, रजिस्टर्ड डाकेने. आणि पोस्टमनच्या कागदावर सही करायला घरात असणार चैतराम.

तुमच्याकडे काय झालं ते तिने परत आल्यावर जबलपूरच्या श्रद्धा नावाच्या मैत्रिणीला लिहिलं. ते पत्र माझ्यातूनच गेलं. कोटवाराने दुसऱ्याचं पत्र वाचू नये. मी वाचलं.

तुमच्या बाबूने तिचा कागद उलटून-सुलटून पाहिला. “मैडम, ये क्या है? इसमें ना सील, ना दस्तखत. कंप्यूटर का कागज़ कोई भी छाप लेगा.” मग तो तिला तुमच्याकडे घेऊन आला. तुम्ही रजिस्टर दाखवलं. तिने विचारलं, “सर, दुबारा क्यों नहीं लगाया?”

तुम्ही म्हणालात, “नियम नहीं है.”

“एक ही बार लगाने का नियम है क्या, सर? लिखा हुआ दिखा दीजिए.”

तुम्ही पेन ठेवला. विचारलं, “बारह बजे फोन पर था कौन?”

ती किरनापुरच्या ऑफिसात हजेरीची सही करत होती, साहेब. त्या सहीवर वेळ आहे. माझ्याजवळ ओळ होती, निदान पुसलेल्या ओळीची जागा होती. तिने फक्त एक नाव सांगायचं होतं.

ती म्हणाली, “मैं थी.”

“तो फिर गलती तो आप ही की हुई ना,” तुम्ही म्हणालात, आणि रजिस्टर मिटलं.

तिने तिथेच बाकावर बसून अर्ज लिहिला, पोच घेतली. त्या अर्जाचं उत्तर आजपर्यंत आलेलं नाही. म्हणजे ज्या पत्राच्या भीतीने तिने ओळ पुसली, ते पत्र तुम्ही लिहिलंच नाही.

ऑगस्टमध्ये एका दुपारी प्रेमलाल खिडकीशी उभा राहिला. त्याच्या मनात काही नव्हतं, तो बोलून गेला. “काका, वारासिवनीची एक पोरगी दुकानात आली होती, फॉर्म टाईप करायला. तिला एम.सी.ए. मिळाली. यादीत आठवी होती म्हणे. चोवीस तारखेला दुपारी फोन आला तिले.”

चैतराम म्हणाले, “आठवी?”

“हौ, आठवी. नशीब पाहा लोकांचं.”

प्रेमलाल गेला. चैतरामने दार लोटलं. मग माझ्यासमोर आले, चष्मा पुसला, चिठ्ठी वाचली. त्यांनी तिसरी ओळ पहिल्यांदाच वापरली. मी फोन लावल्याची वही दाखवली. त्यांनी बोट पडद्याला टेकवलं आणि खाली-खाली नेलं. चौदा जुलै, बाबा. एकोणीस जुलै, बाबा. मग एकदम सव्वीस जुलै, संघमित्रा.

बोट तिथेच थांबलं. त्यांना चोवीस तारीख आठवत होती. ती वहीत नव्हती. ती कोण पुसू शकतं, हे घरात दोघांनाच माहीत होतं.

त्यांनी खांद्यावरच्या दुपट्ट्याने पडद्यावरचा बोटाचा डाग पुसला. माझ्या डोक्यावर थाप मारली नाही. त्यानंतर त्यांनी माझ्या कळांना कधी हात लावला नाही. मित्राला त्यांनी एका शब्दाने विचारलं नाही. तिने एका शब्दाने सांगितलं नाही. रोज संध्याकाळी ती किरनापुरच्या बसने यायची, ते तिला पाणी द्यायचे, विचारायचे, “पोरं आली होती काय आज शाळेत?” ती म्हणायची, “आली होती, बाबा.” पाच वर्षं हेच. दोघेही एकमेकांना सांभाळत होते आणि दोघेही आतून खंगत होते. मधे मी घरघरत बसलो होतो. मला दोन्हीकडचं माहीत होतं आणि मला तोंड नव्हतं.

२००८ मध्ये चैतराम गेले. त्याच वर्षी गल्लीत नव्या केबली आल्या, जोड्याच जोड्या. ज्याच्या-त्याच्या घरी फोन, ज्याच्या-त्याच्या घरी इंटरनेटचा एक लहानसा डबा. एवढी वर्षं नसलेली जोडी आठ दिवसांत निघाली. निळी वायर कोणी उतरवली नाही. ती पेरूच्या झाडावर आहे अजून, नळी उन्हाने तडकली आहे.

मला कायमचं बंद करण्याआधी मित्राने एकदा चालू केलं. बापाचे दिवस झाले होते, नातेवाईक परत गेले होते. तिला माझ्यातली तिची पत्रं काढून घ्यायची होती. काढता-काढता तिने माझी वही उघडली. खाली जाता-जाता ती एका ओळीशी थांबली. ‘९ ऑगस्ट २००३, दुपारी २.५०, बाबा, वही पाहिली.’

मित्रांनो, ही ओळ तिने कधी पुसली नव्हती, कारण ती आहे हे तिला ठाऊकच नव्हतं. तिने तोंडावर हात ठेवला. जिजाबाईने आतून विचारलं, “काय झालं व?” ती म्हणाली, “काही नाही, आई. धूळ गेली डोळ्यात.” तेव्हा माझ्यात खरंच धूळ होती. साफ करणारं कोणी राहिलं नव्हतं.

मग तिने वहीत वर जाऊन चोवीस जुलैची ती ओळ पुन्हा टाईप केली, आपल्या हाताने, जशी होती तशी. ‘११.३८, बाबा, फोन लावला.’ आता लपवायचं कोणापासून? तिने माझं बटण दाबलं.

मी आता प्रेमलालच्या दुकानामागे पत्र्याखाली आहे. उद्या भंगारवाला येणार आहे. माझं झाकण एका भावात जाईल, आतली तार दुसऱ्या. मित्रा अजून त्याच गावात शिकवते. तिच्या शाळेत एक सरकारी संगणक आला आहे, तो प्लास्टिकच्या पिशवीत आहे, कारण शाळेत वीज नाही. ती पोरांना पाट्यांवर कळफलक काढून शिकवते. पोरं खडूच्या अक्षरांवर बोटं ठेवतात. माझ्यासारख्या कोणाला तरी अकरा दिवसांत उभं करणारी बाई ही आहे, हे त्या पोरांना कोणी सांगितलेलं नाही.

मित्रांनो, तुम्ही मोठे होऊन टेबलापलीकडे बसलात आणि एखादा नंबर एंगेज लागला, तर पेन उचलण्याआधी एकदा पुन्हा फिरवा. मला याहून जास्त शिकवण माहीत नाही. तुम्ही ती ऐकाल असंही मला वाटत नाही.

आणि साहेब, तुम्ही. चैतरामने फोन लावला ही चूक झाली. ती माझ्या वहीत आहे, नाव आणि वेळेसकट. मित्राने ओळ पुसली, तीही आता जागेवर आहे. अलकनंदा काकूंचं, प्रेमलालचं, सगळ्यांचं माझ्यात लिहिलेलं आहे. आमच्याकडची वही पूर्ण झाली. आता तुमचं रजिस्टर उघडा. बारा वाजून दहा मिनिटांनी एंगेज होता. बारा वाजून पंधराला काय केलंत? एकला? दोन वाजता, तीन वाजता, जेव्हा एक माणूस धुतलेला शर्ट घालून त्या फोनपाशी बसला होता आणि फोन मोकळा होता, तेव्हा काय केलंत?

दुसऱ्यांदा का नाही लावला? सांगा.